डावं बटण

त्या अर्जाच्या खाली दोन बटणं होती आणि दोन्ही मीच बसवली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चूक कुणाची हे कुणाला शोधत बसायला नको.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा जुलै. नगरहून पुण्याकडे निघालं की सुप्याच्या अलीकडे एक तंत्रनिकेतन होतं. नाव सांगत नाही. मी तिथे वर्षाच्या करारावर प्रोग्रामर होते. प्रोग्रामर म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापासून प्राचार्यांच्या भाच्याची लग्नपत्रिका छापून देण्यापर्यंत, कॉम्प्युटरचा ज्याला म्हणून हात लागेल ते सगळं. जूनमध्ये प्राचार्य पुण्याला कसल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी मला बोलावलं.

"विजयमाला, यंदा प्रवेशअर्ज कागदावर नाहीत. सगळं ब्राउझरमध्ये. जिल्ह्यात पहिलं कॉलेज आपलं."

"सर, पोरांकडे इंटरनेट कुठे आहे?"

"इंटरनेट कशाला पाहिजे? पोरं इथे येतील. लॅबमध्ये आठ मशिन आहेत, एकमेकांना जोडलेली आहेत. बास झालं."

म्हणजे शेवगावच्या, पाथर्डीच्या, जामखेडच्या पोरांनी दोन एस.टी. बदलून यायचं आणि आमच्या लॅबमध्ये बसून अर्ज भरायचा. पूर्वीही ती दोन एस.टी. बदलूनच यायची, फक्त पेन बरोबर आणायची. मी मनातल्या मनात हसले, पण खोटं कशाला बोलू, काम मला आवडलं होतं. अडतीस मशिनवर 'कीबोर्डला हात धुऊन शिवा' असल्या पाट्या चिकटवण्यापेक्षा हे बरं होतं. अडतीस म्हणजे सगळी मिळून, चालणारी आठच.

दोन बटणांची कल्पना माझीच. गावाकडचं पोरगं पहिल्या खेपेला कधीच पूर्ण तयारीने येत नाही. गुणपत्रक असतं तर शाळा सोडल्याचा दाखला राहिलेला असतो, दाखला असतो तर पिन कोड माहीत नसतो. अशा पोराने पाऊण तास बसून भरलेलं सगळं पुसून परत जावं का? म्हणून डावं बटण केलं. ते दाबलं की अर्ज आहे तसा, अर्धामुर्धा, ठेवून घेतला जायचा. तपासणी काही नाही. चार दिवसांनी परत येऊन तो पुरा करायचा. आणि उजवं बटण पाठवायचं. ते दाबलं की माझं तपासणीचं फंक्शन आधी सगळे रकाने बघणार, काही चुकलं असेल तर तिथेच अडवून सांगणार, आणि सगळं बरोबर असेल तरच अर्ज पुढे, शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर, पुऱ्या अर्जांच्या फायलीत.

गंमत अशी की अर्ज एकच आणि बटणं दोन. अर्ज निघाला एवढं ब्राउझरला कळतं, कोणत्या बटणाने निघाला ते तपासणीच्या फंक्शनला आपोआप कळत नाही. पहिल्या दिवशी माझं फंक्शन डाव्या बटणालाही अडवायला लागलं. मग मी प्रत्येक बटणाला त्याचं त्याचं फंक्शन लावून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासणी चूक दाखवायची आणि तरीही अर्ज सोडून द्यायची, कारण फंक्शनचं उत्तर परत द्यायला सांगणारा एक शब्द मी विसरले होते. चौकीदार ओरडतोय आणि फाटक सताड उघडं.

हे बघून आमचे गोरक्षभाऊ पोट धरून हसले. गोरक्षभाऊ म्हणजे ऑफिसातले हेडक्लार्क. अठरा वर्षं प्रवेशाचे अर्ज त्यांनी हाताने तपासले होते.

"मॅडम, तुमच्या गावात घराला दारं न्हाईत अन् तुमी इथं दार बसवायला आलात व्हय?"

माझं गाव शिंगणापूर. तिथली घरं बिनदाराची, हे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे आणि प्रत्येकाला वाटतं ही थट्टा आपल्यालाच पहिल्यांदा सुचली. मी त्यांना म्हटलं, "दार नाही, पण रात्री आम्ही फळी आडवी लावतो भाऊ. मोकाट जनावरं शिरू नयेत म्हणून. हे तेवढंच आहे."

"मंग लावा फळी. पन सांगतो, पोरं काय वाट्टेल ते भरत्यात. गुन शंभरापैकी एकशे चार. जन्मतारीख यंदाची. गेल्या साली एकानं धर्म मुस्लिम भरला अन् जात मराठा. धर्म अन् प्रवर्ग जुळतोय का तेवढं तुमच्या मशीनला बघायला लावा."

मी लावलं. कोणत्या धर्माला कोणता प्रवर्ग चालेल, याचा एक तक्ता मी फंक्शनमध्ये लिहिला. गोरक्षभाऊंना विचारला नाही. त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं, पण ते मला हसले होते ना, मग त्यांना कशाला विचारायचं? माझ्या नाकावर तेव्हा राग कायमच बसलेला असायचा. तक्ता डोक्यातून लिहिला. अनुसूचित जाती म्हणजे हिंदू, असं लिहिलं. बौद्धांच्या पुढे काय लिहावं याचा विचार करायला मी जेवढा वेळ घेतला, तेवढ्यात चहाही पिऊन होत नाही. जैन लिहिले तसे बौद्ध लिहिले, खुला प्रवर्ग, आणि पुढे गेले.

माझ्या गावाला बौद्धांची वस्ती आहे. शाळेत चौथीपर्यंत माझ्या शेजारी चांगुणा बसायची, ती त्या वस्तीतलीच. तिच्या दाखल्यावर काय लिहिलेलं असतं, हे मला कधी माहीत करून घ्यावंच लागलं नव्हतं.

मग मी अर्ज तपासला. स्वतःचं नाव, स्वतःची जन्मतारीख, स्वतःचे गुण घालून. एकदा पिन कोड पाच आकडी टाकून बघितला, एकदा गुण एकशे चार. अडवायचं तिथे अडवलं, सोडायचं तिथे सोडलं. सतरा वेळा भरला. दोनदा भावाच्या नावाने. सतराव्यांदा अर्ज सुरळीत गेला तेव्हा मी गोरक्षभाऊंना बोलावून दाखवलं आणि त्यांनी कबूल केलं की फळी चांगली बसली.

अर्ज इंग्रजीत होता, कारण ब्राउझरमध्ये मराठी अक्षरं दिसायची सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून प्रत्येक मॉनिटरच्या कपाळावर मी मराठीत कागद चिकटवला: अर्ज अपुरा असेल तर डावं बटण, पुरा झाला असेल तर उजवं बटण. दोन्ही बटणांनंतर अर्जाला नंबर मिळायचा. दोन्हींसाठी वेगळे नंबर काढायचा मला कंटाळा आला होता, म्हणून नंबरांची रांग एकच ठेवली.

पाच जुलैला लॅब उघडली आणि बारा दिवस मला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. माउस उचलून पडद्याला लावणारी पोरं, स्वतःचं नाव कुठली कळ दाबून येतं ते विचारणारी पोरं, आणि त्यांच्या मागे उभे राहून "दाब की, दाब की" म्हणणारे बाप. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांनी विचारलं, "मॅडम, हे जुळत न्हाई म्हणतंय." मी म्हटलं, "मग नीट वाच आणि नीट भर." मशीन चुकत नाही, माणूस चुकतो, ही तेव्हा माझी श्रद्धा होती. मशीनमध्ये आपणच बसलेलो आहोत हे श्रद्धेत येत नव्हतं.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी अश्विनी आली. अश्विनी रंभाजी भिंगारदिवे. हे नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. मी फक्त एक मुलगी बघितली, तेल लावून चापून दोन वेण्या घातलेली, दाखले प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. तिच्यामागे तिचे वडील, एस.टी.च्या मेकॅनिकच्या निळ्या कपड्यांत. शेवगाव डेपोतून रात्रपाळी करून थेट आले होते. ती टाइप करायला बिचकत नव्हती, हे मात्र मी बघितलं. एकेक अक्षर शोधून, पण न चुकता भरत होती. पुढे कळलं की घरातला बंद पडलेला रेडिओ तिने उघडून चालू केला होता आणि तिला इलेक्ट्रॉनिक्सच पाहिजे होतं. चौऱ्याऐंशी टक्के होते. दुसरं तंत्रनिकेतन तिच्या हिशोबात नव्हतंच, कारण मुलींचं वसतिगृह आमच्याकडेच होतं आणि त्यावर घरात एकमत व्हायला महिना लागला होता.

तिने उजवं बटण दाबलं. मशीन 'ठक्' वाजलं आणि पिवळ्या त्रिकोणाची चौकट आली.

"मॅडम, हे काय म्हणतंय?"

मी पलीकडच्या मशिनवर एकाचा अर्ज सोडवत होते. तिकडूनच म्हटलं, "जे खरं आहे ते भर. जुळलं की जातं."

"खरंच भरलंय."

"मग परत बघ."

पुन्हा 'ठक्'. पुन्हा 'ठक्'. मग बापलेकीचं काहीतरी हळू बोलणं. मला एवढंच ऐकू आलं, "ते न्हाई लिवायचं. आपलं जे हाय तेच लिव." नंतर 'ठक्' वाजलं नाही. थोड्या वेळाने रंभाजी माझ्यापाशी आले. हातात चिठ्ठी.

"म्याडम, नंबर आला. दोनशे बारा. झालं ना?"

मी वर बघितलं नाही. "नंबर आला म्हणजे झालं."

ते "बरं बरं" म्हणाले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून तिला घेऊन गेले. दाराशी त्यांनी मला नमस्कार केला असं गोरक्षभाऊ नंतर म्हणाले. मी बघितला नव्हता.

शुक्रवारी पाच वाजता मुदत संपली. सोमवारी सकाळी गुणवत्ता यादी पाटीवर लागली. मंगळवारी ती यादी घेऊन गोरक्षभाऊ तंत्रशिक्षण खात्याच्या पुण्याच्या कार्यालयात जाणार होते, आणि एकदा ती तिथे पोचली की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नव्हती.

सोमवारी अकराच्या सुमाराला ऑफिसात आवाज ऐकू आला म्हणून गेले. आवाज गोरक्षभाऊंचा होता. समोरचा माणूस शांत होता.

"आहो, अर्जच न्हाई तुमचा. दोनशे अकरा हाय, दोनशे तेरा हाय. बारा न्हाईच."

"नंबर हाय ना पन. ह्यो बघा. ह्या म्याडमनीच सांगितलं, नंबर आला म्हंजे झालं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं. मी नेमकी कशी चुकले हे माहीत नव्हतं, पण चुकलेय हे त्या चिठ्ठीकडे बघताच कळलं. मी म्हटलं, "थांबा काका, दहा मिनिटं द्या," आणि सर्व्हरच्या खोलीत गेले.

डाव्या बटणाची फाइल उघडली. आत तेवीस अर्ज राहिले होते. बारा खरोखरच अपुरे होते. कुणाचा पिन कोड नाही, कुणाचे गुण नाहीत. उरलेले अकरा पुरे होते. प्रत्येक रकाना भरलेला. दोनशे बारा त्यांतच होता, आडनावाचं शेवटचं अक्षर कापलं गेलेलं, पण बाकी सगळं जागच्या जागी. पुरा भरलेला अर्ज कुणी डाव्या बटणाने का ठेवून जाईल? मी अकरा अर्ज छापले आणि टेबलावर एकाखाली एक ठेवले. श्रीरामपूर, जामखेड, शेवगाव, राहुरी. मुलं सात, मुली चार. अकराच्या अकरा अर्जांत धर्माच्या रकान्यात एकच शब्द होता आणि प्रवर्गाच्या रकान्यात एकच.

मी खुर्चीवर बसले. माझ्या तक्त्यातली ती ओळ मला तोंडपाठ होती. पोरांनी खरं भरलं होतं आणि मी त्यांना परत परत सांगितलं होतं की खरं भरा. खरं जात नव्हतं. मग त्यांनी जे बटण अडवत नव्हतं ते दाबलं, नंबर मिळाला आणि ती घरी गेली. आणि किती जणांनी कंटाळून हिंदू निवडलं असेल आणि उजव्या बटणाने सुटून गेले असतील, ते तर कुठल्याच फायलीत दिसणार नव्हतं. मला लाज वाटली. साधीसुधी नाही, कानशिलं तापेपर्यंत.

बाहेर आले तर रंभाजी बाकावर बसले होते. अश्विनी भिंतीला टेकून उभी. तिचे डोळे कोरडे होते, पण ओठ आत घेतलेले होते. रंभाजी मला बघून उठले.

"म्याडम, चुकीचं बटन दाबलं व्हय हिनं? तसं आसंल तर आमचंच चुकलं. ती हिंदू लिवू का म्हनत हुती, म्हंजी जाईल म्हनून. म्याच नको म्हनलो. माझ्यामुळं गेलं तिचं."

"तुम्ही नको का म्हणालात?"

हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं. त्यांनी पिशवीतून जातीचा दाखला काढून माझ्यापुढे धरला.

"हितं काय लिवलंय बघा. बौद्ध. दाखल्यावर बौद्ध अन् अर्जावर हिंदू, मंग खोटा अर्ज म्हनून तुमीच काढून टाकला असता का न्हाई?" दाखला परत पिशवीत ठेवत ते म्हणाले, "अन् दुसरं आसं हाय, माझ्या बापानं छप्पन साली सोडलं ते. त्ये मी मशीनसाठी परत लिवायचं व्हय?"

"तुमचं चुकलं नाही, काका," मी म्हटलं. "हिचंही नाही. माझं चुकलंय. तुम्ही बसा, जाऊ नका."

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मॉनिटरवर तुम्ही सूचना लावली होती ना? डावं अपुऱ्याला, उजवं पुऱ्याला?"

"हो."

"मराठीत?"

"हो."

"झालं तर मग. मुलांनी सूचना वाचली नाही. आपण काय करणार?"

बघा, किती सोपं होतं. आणि शब्दाने शब्द खरंही होतं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं पोरांना बटण कळेना म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. माझा करार जुलैअखेर संपणार होता. तो वाढवायची चिठ्ठी प्राचार्यांच्याच टेबलावर, काचेखाली होती, मला माझं नावही दिसत होतं. मी दोन क्षण त्या काचेकडे बघत राहिले. खोटं सांगणार नाही, दोन क्षण बघत राहिले.

मग म्हटलं, "सर, एक अर्ज तुम्ही स्वतः भरून बघा. मी सांगते काय भरायचं."

त्यांना ब्राउझरवर काहीही दाखवायला आवडायचं. ते त्यांच्या मशिनवर बसले. मी दोनशे बारा नंबरचा छापील अर्ज हातात घेऊन एकेक रकाना सांगत गेले. त्यांनी दोन बोटांनी सगळं भरलं. मी म्हटलं, "आता उजवं बटण."

'ठक्.'

"हे काय?"

"वाचा, सर."

"धर्म आणि प्रवर्ग जुळत नाही." त्यांनी पुन्हा दाबलं. 'ठक्.' पुन्हा. "अहो पण हे बरोबर आहे. नवबौद्ध अनुसूचित जातीतच येतात आपल्याकडे. कागदावरच्या अर्जात वर्षानुवर्षं आहे हे. मग हे घेत का नाही?"

"कारण मी तसं लिहिलंय. मला माहीत नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही."

"मग आता काय करायचं?"

"त्या मुलीनेही मला विचारलं होतं, सर. मी मान वर केली नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते वाईट गृहस्थ नव्हते. घाबरट होते. "हे बाहेर कळलं तर काय होईल, कल्पना आहे तुम्हाला?"

"कळणारच. अकरा घरं आहेत. आपण सांगितलेलं बरं."

मग त्यांनी एकच मुद्द्याचा प्रश्न विचारला: हे अकरा अर्ज मुदतीच्या आत आले होते याला पुरावा काय? मी सांगितलं की फायलीवर प्रत्येक अर्जाची तारीख आणि वेळ आपोआप पडलेली आहे, ती मी घातलेली नाही. दोनशे बारा गुरुवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आलेला आहे.

"लेखी द्या," ते म्हणाले. "तपासणीत चूक होती, ती कुणाची, कशी, सगळं. तुमच्या सहीने. ते असेल तर यादी बदलता येईल."

मी तिथेच बसून लिहिलं. मोठं नव्हतं, पाऊण पान. कुठेही 'तांत्रिक अडचणीमुळे' लिहिलं नाही, आणि हे लिहिण्याचा मोह किती होतो ते असलं पत्र लिहिलेल्यालाच ठाऊक. त्या पत्रामुळे माझा करार वाढला नाही. पण ते जुलैअखेरचं, आता ते मध्ये आणत नाही.

गोरक्षभाऊंनी पत्र वाचलं आणि हसले नाहीत. "मला इचारायचं हुतं, मॅडम. मी काय खाल्लं असतं व्हय तुमाला?" एवढंच म्हणाले आणि यादी नव्याने करायला बसले. अकरांपैकी सात जण गुणांवर आत आले. अश्विनी तिच्या प्रवर्गात दुसरी आली, इलेक्ट्रॉनिक्सला. आत आले तेवढेच बाहेर गेले. सकाळच्या यादीत नाव बघून पेढे वाटलेला पारनेरचा एक मुलगा दुपारी प्रतीक्षा यादीत गेला आणि त्याचा बाप लॅबच्या दारात उभा राहून मला वाट्टेल ते बोलला. मी ऐकून घेतलं. तोही खोटं बोलत नव्हता.

चारच्या सुमाराला मी तक्त्यातली ओळ दुरुस्त करायला बसले. मग ओळ दुरुस्त करायची सोडून आख्खा तक्ताच काढून टाकला. दाखला बघायला समोर माणूस बसलेला असतो, हे काम त्याचं. मग व्हरांड्यात जाऊन अश्विनीला बोलावलं. रंभाजी बाकावर बसल्या जागी झोपले होते, रात्रपाळी करून परत आले होते बिचारे. त्यांना उठवलं नाही.

"तुझं काम झालंय," मी म्हटलं. "आता माझं एक कर. परत एकदा अर्ज भर, आणि कुठे अडतं ते मला सांग. या वेळी मी शेजारी बसते."

ती बसली. पहिल्याच रकान्यात थांबली.

"शेवटचं अक्षर आत जात न्हाई, मॅडम. मागच्या टायमालाबी गेलं न्हवतं. आडनाव इंग्रजीत अकरा अक्षरी हाय माझं."

मी बघितलं. आडनावाला मी दहाच अक्षरांची जागा ठेवली होती. माझं आडनाव दरंदले, इंग्रजीत नऊ अक्षरांत बसतं आणि वर एक जागा शिल्लक राहते. मी गुपचूप तीस केली. ती पुढे गेली. वडिलांचं नाव, गाव, तालुका, गुण. धर्माच्या रकान्यापाशी तिचा हात जरा थांबला. माझ्याकडे न बघता तिने खरं तेच निवडलं. मग माउस उजव्या बटणापाशी नेला आणि तिथे धरून ठेवला.

"मॅडम, तुमी हे आधी तपासलं न्हवतं का?"

"तपासलं होतं. सतरा वेळा."

"कुनाचं नाव टाकून?"

"माझंच. दोनदा भावाचं."

"मग तुमचं जानारच की," ती म्हणाली, आणि तिने उजवं बटण दाबलं.